युरोपावरचे बांध

गुरू ग्रहाचे चार मोठे चंद्र आहेत, त्यांतल्या एकाचं नाव युरोपा. त्याचा नकाशा आमच्या शहापूरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर तयार झाला असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसण्यासारखंच आहे ते. टेबल जेवणाचं होतं, त्यावर ठेवलेली काच खिडकीची होती, काचेखाली साधा पिवळा दिवा होता, आणि नकाशा काढणारे माझे बाबा होते, सरकारी मोजणीच्या कामातून नुकतेच निवृत्त झालेले. नकाशा अख्ख्या युरोपाचा नव्हता, एका तुकड्याचा होता. पण त्या तुकड्यात आपले दोन-तीन तालुके सहज मावले असते.

बाबा भूकरमापक होते. गावोगाव लोक त्यांना ‘मोजणीसाहेब’ म्हणत. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके त्यांनी साखळी टाकत पायी पालथे घातले होते. खर्डीच्या रानातल्या पाड्यांपासून भातसानगरच्या धरणापर्यंत त्यांनी न मोजलेलं शिवार क्वचितच असेल. आमच्या घरात मात्र जमीन नव्हती. आजोबांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. ज्या गावांत आजोबांना अंगणाबाहेर उभं राहावं लागायचं, त्याच गावांत बाबांसाठी खुर्ची यायची, ती पुसून दिली जायची. बाबा त्या खुर्चीवर बसत नसत, उभ्यानंच काम करत. पण खुर्ची आली होती की नाही, हे घरी आल्यावर आईला सांगायचे मात्र नक्की.

आपल्या हातून चूक होता कामा नये याची त्यांना विलक्षण धास्ती होती. ते म्हणायचे, “दुसरा चुकला तर लोक म्हणतात, चुकला. आपण चुकलो तर म्हणतात, यांना येतच नाही.” हे ‘आपण’ म्हणजे कोण, ते घरात कुणाला विचारावं लागत नसे.

त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या कामावरची एकच तक्रार मिटली नाही. मुरबाडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथली एक विधवा बाई. तिच्या आणि तिच्या चुलत दिराच्या भातखाचरांमधली हद्द ठरवायची होती. दप्तरातला जुन्या मोजणीचा कागद नेमका त्याच जागी वाळवीनं खाल्ला होता. कागद काही सांगत नाही म्हटल्यावर बाबांनी जमिनीकडे पाहिलं. खाचरांच्या मधून एक लांब बांध सलग गेला होता, त्यावर पळस चांगले वाढले होते. बाकीचे लहान बांध दोन्ही बाजूंनी येऊन त्याला टेकत होते. अशा वेळी बाबांचा एक नियम असे. जो बांध मधे कुठे तुटत नाही तो सगळ्यांत जुना. बाकीचे त्याला धरून नंतर घातलेले. भावाभावांत वाटण्या होत जातात, मोठा बांध आहे तिथेच राहतो आणि लहान बांध त्याला येऊन मिळतात. नियम खोटा नाही. बहुतेक शिवारांत तो खराच ठरतो. बाबांनी तो सलग बांध हद्द म्हणून दाखवला, आणि बाईची तीन खाचरं दिराकडे गेली.

त्यानंतर दरवर्षी भात झोडून झालं की ती बाई आमच्याकडे यायची. मुरबाडहून एसटीनं. शिव्याशाप नाही, रडणं नाही. पायरीवर बसायची आणि एकच गोष्ट सांगायची.

“सायेब, तो बांध माझ्या लग्नाच्या सालचा हाय. सासरा आजारी व्हता तवा दिरानं रातोरात नाय, भर दिवसा घातला. मी भाकर घेऊन उभी व्हते.”

बाबा दरवर्षी तितक्याच शांतपणे सांगत, “बाई, माणूस विसरतो, बांध विसरत नाही.”

आई तिला चहा द्यायची. चहा पिऊन, कप विसळून पालथा घालून, “बरं सायेब,” म्हणून ती जायची. मला तिचा मनापासून राग यायचा. बाबांचं काम चुकीचं म्हणणारी ती एकटीच होती, आणि मी बाबांची एकुलती एक भक्त होते. ती खोटारडी आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुढे ती यायची बंद झाली. त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी दोनदा विचारलं, “ती बाई आली नाही का गं यंदा?” मी म्हटलं, “बरं झालं, नाही आली ते.”

नव्वदचं दशक संपताना मी भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं प्रबंध लिहायचा असतो. वर्गातल्या सगळ्यांनी बेसॉल्ट घेतला. आपल्याकडे खाली-वर, आजूबाजूला दुसरं आहे काय? कसाऱ्याच्या घाटातला बेसॉल्ट, माळशेजचा बेसॉल्ट, धरणाच्या पायातला बेसॉल्ट. मला या काळ्या दगडाचा कंटाळा आला होता, शिवाय चार जण उजवीकडे गेले की डावीकडे वळायचं ही माझी जुनी खोड. तेव्हा एक यान गुरूभोवती फिरत होतं. त्याच्या बातम्या मी जिथे मिळतील तिथे वाचत असे. त्याचा मोठा अँटेना, छत्रीसारखा उघडणारा, वाटेतच अडकून बसला होता, उघडलाच नाही. मग बिचारं यान आपल्या छोट्या अँटेनावरून थेंब थेंब चित्रं पाठवत होतं. किती काढता आली असती आणि किती आली, याचा हिशेब मांडला तर वाईट वाटावं. पण जी आली ती अशी होती की मी बेसॉल्ट सोडला.

युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहान. वरून सगळा बर्फ. खड्डे जवळजवळ नाहीत, म्हणजे पृष्ठभाग फार जुना नाही. आणि खाली बहुधा पाणी आहे, खारं, खोल. बर्फावर जिकडे तिकडे रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या, कुठे एकेरी, कुठे दुहेरी. ही चित्रं इंटरनेटवर कुणालाही मिळत. म्हणजे अमेरिकेतल्या कुणालाही. शहापुरात एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे नुकता निघाला होता, तिथे एक चित्र उतरायला इतका वेळ लागे की मी मधे जाऊन भाजी घेऊन येत असे. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं यायचं, अर्धं आलं की फोनची लाइन तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. कॅफेवाल्यानं एकदा न राहवून विचारलं, “मॅडम, हे आहे काय?”

“बर्फ.”

“कश्मीर?”

“त्याच्या बरंच पुढे.”

“मग उन्हाळ्यात जायचं असेल,” तो म्हणाला, आणि त्यानं मला प्रिंटआउट काढून दिले.

ते कागद जोडून मी एक मोठं चित्र तयार केलं, म्हणजे केलं असं मला वाटलं. बाबा बाजूनं जाताना थांबले. त्यांना वाकडा जोड बघवत नाही. लग्नाच्या मांडवातही त्यांची नजर कनातीच्या शिवणीकडे असते. “हे काय ठिगळ लावलंयस?” म्हणाले, आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी चिकटपट्टी सोडवली सुद्धा. तासाभरात सगळे तुकडे असे बसले की जोड शोधावा लागावा. मग त्यांनी विचारलं, “हे वरून काढलंय?”

“यानातून.”

“सकाळी काढलंय की संध्याकाळी?”

मी चमकले. खरोखरच, तिरप्या उन्हात काढलेली चित्रंच कामाची असतात, सावल्या पडल्या की उंचवटे दिसतात. ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट. बाबांना ते शिकवावं लागलं नाही. शिवार पाहायचं तर सकाळी, हे त्यांना पायांनी माहीत होतं.

त्या दिवसापासून युरोपा त्यांचा झाला. निवृत्तीनंतरचे पहिले महिने त्यांनी घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालण्यात काढले होते, त्यामुळे आईला हा बदल मानवला. त्यांनी खिडकीची जुनी काच चार विटांवर ठेवली, खाली दिवा लावला, वर माझं चित्र आणि त्यावर ट्रेसिंग पेपर. मग एकेक रेष शाईनं उतरवू लागले. माझा हात कापतो, त्यांचा दगडासारखा स्थिर. दोन समांतर कडा आणि मधे पन्हळ अशी जी दुहेरी रेष युरोपावर सगळीकडे दिसते, तिला त्यांनी ‘जोडबांध’ असं नाव देऊन टाकलं. दोन भावांनी आपापला बांध घातला आणि मधून पाट सोडला की असाच दिसतो म्हणे. जिथे बर्फाचे तुकडे फुटून, फिरून, पुन्हा गोठले आहेत तो भाग म्हणजे ‘चिखलणी’, लावणीआधी नांगरून कालवलेल्या खाचरासारखा. इंग्रजी पुस्तकात दीड पानात सांगितलेली गोष्ट त्यांनी एका शब्दात संपवली. मी प्रबंधात इंग्रजीच शब्द लिहिले, पण मनात आजही मी जोडबांधच म्हणते.

आई ताटं मांडायला जागा नाही म्हणून कुरकुरत यायची, जरा वेळ बघायची. “सातबारा कुणाच्या नावावर आहे याचा?” असं एकदा तिनं विचारलं. बाबा मान वर न करता म्हणाले, “अजून फेरफार झालेला नाही.” ते दिवस आमच्या घरातले फार चांगले दिवस होते. मी बाबांना इतकं आनंदात आधी पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच.

प्रबंधाचा जीव एकाच गोष्टीत होता. कोणती रेष आधीची आणि कोणती नंतरची, हा क्रम लावायचा. क्रम कळला की बर्फाचं कवच आधी कुठल्या दिशेनं ताणलं गेलं आणि पुढे ती दिशा कशी वळत गेली, ते सांगता येतं. बाबा म्हणाले, “क्रम मी लावतो. जन्मभर तेच केलंय.” मी लेखी परीक्षेच्या तयारीत होते, आणि खरं सांगायचं तर आळशीही होते. त्यांनी तांबड्या शाईनं रेषांवर आकडे घातले, त्यावरून मी तक्ता केला, तक्त्यावरून निष्कर्ष लिहिला. एकही आकडा तपासला नाही. बाबांचं काम तपासायचं असतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आमच्या मार्गदर्शक बाई मितभाषी होत्या. नकाशा उलगडून त्यांनी बराच वेळ पाहिला, आधी हस्ताक्षराचं कौतुक केलं, मग पेन्सिलीची मागची बाजू एका जाड जोडबांधावर ठेवली. त्यावर तांबड्या शाईत ‘१’ होता.

“हा सगळ्यांत जुना?”

“हो.”

“हा सगळ्यांत नवा आहे. तुझा सगळा क्रम उलटा आहे. शेपटाकडून डोक्याकडे.” त्यांनी चष्मा काढला. “हे तू केलंस?”

“नाही, माझ्या वडिलांनी केलं,” मी म्हटलं.

प्रबंधावर नाव माझं, चूक मात्र मी चटकन वडिलांच्या पदरात टाकली. मला त्याची आजही लाज वाटते. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, “मग त्यांना समजावून सांग. आणि दोन आठवड्यांत नवीन आण.”

घरी येईपर्यंत माझा पारा चढलेला होता. चपला काढता काढताच मी सुरुवात केली. “बाबा, सगळं उलटं केलंत तुम्ही. तुमचा पहिला नंबर शेवटचा आहे.”

बाबांनी पेन पुसून ठेवलं. “काय उलटं?”

“सगळं.”

“जी रेष मधे तुटत नाही ती जुनी. बाकीच्या तिला टेकतात.”

“हे शेत नाही, बाबा. इथे वाटण्या होत नाहीत. बर्फ फुटतो, आणि नवी फूट जुन्या सगळ्यांच्या अंगावरून जाते. जी तुटत नाही ती सगळ्यांत नवी.”

“कशावरून?”

हा मोजणीदाराचा प्रश्न. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच पुरावा हवा होता. मी एक बारीक रेष शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. “ही बघा. ही जोडबांधाला येऊन टेकली, म्हणून तुम्ही तिला नंतरची म्हटलंत. आता पलीकडे बघा. त्याच सरळ ओळीत ती पुन्हा सुरू होते. टेकण्यासाठी आली असती तर पलीकडे कशाला गेली असती? ती आधीच होती, सलग. जोडबांध नंतर तिच्यावरून गेला.”

बाबांनी पट्टी घेतली. पट्टी अलीकडच्या रेषेवर लावली, पलीकडची रेष बरोबर तिच्याखाली आली. त्यांनी दुसरी रेष घेतली. मग तिसरी. एकेका रेषेशी पट्टी ते अशी ठेवत होते, जणू काही दुखेल कुणाला. बराच वेळ झाल्यावर ते म्हणाले, “टेकलेला बांध पलीकडे जुळत नाही.”

“नाहीच जुळत.”

“नाही जुळत,” ते पुन्हा म्हणाले. माझ्याशी नाही.

रात्री ते नीट जेवले नाहीत. मला वाटलं, मी फार तोंड टाकलं. माफी मागावी असं मनात आलं आणि मी ती मागितली नाही. आमच्या घरात माफी म्हणजे दुसऱ्या दिवशी जरा लवकर उठून चहा करणं. बाबांनी नवा ट्रेसिंग पेपर घेतला आणि सहा दिवसांत सगळा नकाशा पहिल्यापासून काढला. या खेपेला प्रत्येक आकडा घालण्याआधी मला हाक मारली, पट्टी लावून दाखवली, आणि मी हो म्हटल्यावरच शाई टेकवली. मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी म्हणायची, बाबा, तुम्हाला कळलंय आता, घाला. ते म्हणायचे, “नाही. तू बघ.”

प्रबंध वेळेत गेला. मार्गदर्शक बाई खूश झाल्या, तोंडी परीक्षेत कुणी नाव ठेवलं नाही. माझ्या लेखी युरोपा संपला होता.

त्यानंतरच्या थंडीत, एका सकाळी बाबा म्हणाले, “आजचा दिवस मोकळा आहे का तुला? मुरबाडला जाऊन यायचंय.”

“कशाला?”

त्यांनी आधी आई स्वयंपाकघरात आहे ना ते पाहिलं. “त्या बाईच्या शेतात,” ते म्हणाले, “लहान बांध पलीकडे जुळत होते. मी पाहिलं होतं तेव्हा. साखळी धरणाऱ्या माणसानं दाखवलंही होतं, साहेब, हे एका ओळीत वाटतात. मी म्हटलं, असतील.”

 इतके महिने ते हे एकटेच घेऊन बसले होते. मी म्हटलं, “बाबा, एवढ्या वर्षांनी नक्की कसं आठवेल?”

“म्हणून तर जायचंय.”

आईनं ऐकलंच होतं. ती हात पुसत बाहेर आली. “आता कशाला? निवृत्त झालात. सुखानं बसा की. कुणी चौकशी मागे लावली, पेन्शन अडकली म्हणजे?” बाबा उठले. त्यांनी जुनी कापडी पिशवी घेतली आणि त्यात पाण्याची बाटली टाकली.

किन्हवली, सरळगाव करत आम्ही मुरबाडला उतरलो, पुढे जीपनं गेलो. भात कापून झालेलं होतं. खाचरांत धसकटं उभी होती, ऊन अजून तिरपं होतं आणि प्रत्येक बांधाची सावली वेगळी दिसत होती. पळस होते तिथेच होते. फक्त बांधाच्या पलीकडे आता तारेचं कुंपण होतं. दिराच्या मुलांनी ती जमीन मुंबईच्या कुणाला बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकून टाकली होती. बांधकाम मात्र सुरू झालेलं नव्हतं, त्यामुळे आत गवतात जुने बांध अजून शाबूत होते.

बाबांनी वाटेकडेच्या कुडातून चार काठ्या काढून घेतल्या. “आत जा,” मला म्हणाले.

मी तारेखालून गेले, ओढणी अडकली, फाटली. बाबांनी अलीकडच्या एका लहान बांधाच्या मध्यावर दोन काठ्या रोवल्या आणि मागे जाऊन एक डोळा मिटला. मी पलीकडे, जिथे गवतात दुसरा बांध सुरू होत होता, त्याच्या मध्यावर काठी धरून उभी राहिले. त्यांनी हातानं खूण केली, जरा डावीकडे. काठी टिचभर हलली असेल. मग त्यांचा हात खाली आला. जुळला. आम्ही दुसरा बांध पाहिला. जुळला. तिसऱ्याला त्यांनी मला उजवी-डावी काही केलंच नाही, मी काठी टेकवली आणि हात खाली आला. लहानपणी सुट्टीत मोजणीवर सोबत गेले की त्यांचा तो हात खाली येताना मी कितीदा पाहिला होता, कधी त्याची भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

“आता काय मोजता, सायेब? इकली ती.”

बाई बांधावर उभी होती. चांगलीच थकलेली, एक डोळा पांढरा झालेला, पण आवाज तोच. डोक्यावर गवताचा भारा होता. बाबा तिच्याकडे चालत गेले आणि म्हणाले, “बाई, तुमचं खरं होतं. बांध नंतरचाच आहे.”

 भारा खाली टाकून तिनं तोंडावरून पदर फिरवला. मग म्हणाली, “घरला चला.”

घर कुडाचं, सारवलेलं, आणि अगदी हाकेच्या अंतरावर, एकाच अंगणाला तोंड करून, दिराच्या मुलांचं नवीन स्लॅबचं घर. बाबा ओट्यावर बसले. सुनेनं चहा आणला. तिनं कप आमच्या हातात दिले आणि सासूपुढचा जमिनीवर ठेवला, जरा आपटूनच. बाबा मोकळे झाल्यासारखे दिसत होते. सांगायचं ते सांगून झालं होतं, आता चहा घेऊन निघायचं, असं मलाही वाटलं.

बाई म्हणाली, “लिहून द्या.”

“काय?”

“आता बोलले ते. कागदाव.”

बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, आता त्याचा उपयोग नाही. अपिलाची मुदत संपली, जमीन विकली गेली. माझ्या कागदानं ती परत येत नाही.”

“जमीन कोण मागतंय?” बाईनं सुनेकडे मान वळवली. “माझे पोरगे म्हणतात, आये खोटी भांडली. हिच्यापायी चुलत्यांचं नि आपलं तुटलं, लग्नाकार्याला बोलवत नाय. ही पन म्हणते. मी सांगत आले, बाबांनो, मी भाकर घेऊन उभी व्हते. तर म्हणतात, सरकारी सायेब खोटा, नि तू खरी?” तिनं कप दूर सारला. “मी मरायच्या आधी लिहून द्या.”

मी बाबांच्या कोपराला हात लावला. आईचे शब्द माझ्या डोक्यात होते, चौकशी, पेन्शन. आणि त्याहून खोल दुसरं काहीतरी, बाबांच्या नावावर डाग नको, ते. “बाबा, लिहून नका देऊ,” मी हळूच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. “कागद दे.”

मी वहीचं पान फाडून दिलं. त्यांनी गुडघ्यावर पिशवी ठेवून, त्या सुरेख अक्षरात, चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, सहीखाली ‘निवृत्त भूकरमापक’ असं लिहिलं. कागद बाईनं घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला. “वाच गो, बाय.”

मी वाचलं. “सदर मोजणीचे वेळी मूळ अभिलेख जीर्ण असल्याने जागेवरील बांध प्रथमदर्शनी जुना असल्याचे गृहीत धरण्यात आले. तथापि, सदर गृहीतकात त्रुटी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

बाईनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं खांदे उडवले. “ह्याचा अर्थ काय?” बाईनं मला विचारलं. “चुकले का नाय चुकले?”

  अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मला बाबांची इतकी दया आली की वाटलं, उठावं आणि त्यांना घेऊन सरळ रस्त्याला लागावं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा लिहू लागले. या वेळी त्यांना जास्त वेळ लागला, आणि लिहिल्या फक्त तीन ओळी, खाली पूर्ण नाव.

मी वाचलं. “तो बांध बाईंच्या लग्नाच्या वर्षी घातलेला आहे. बाई पहिल्यापासून खरं बोलत होत्या. मोजणीत मी चुकलो.”

सून चुलीकडे जाता जाता थांबली होती. बाई तिच्याकडे बघत राहिली, ती खाली बघेपर्यंत. मग माझ्याकडे वळली.

“आता उभी ऱ्हा नि मोठ्यानं वाच. त्या घरात जाऊ दे.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, पेनाचं टोपण त्यांना लावता येत नव्हतं. “वाच,” ते म्हणाले. “माझं नावही वाच.”

मी अंगणाच्या मध्यावर गेले आणि वाचलं. पहिली ओळ मी हलक्या आवाजातच वाचली. स्लॅबच्या घरातून कुणीतरी दारात आलं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.